दिवा लागला, पण तिन्ही मोटर्स पेटतील का? क्लस्टर रॉकेटच्या इग्नायटरची जोडणी

"बाबा, दिवा तर लागला होता ना?"

टेक्सासमधल्या एका मोकळ्या शेतात आम्ही बापलेक तीन मोटर्सचं आमचं पहिलं क्लस्टर रॉकेट उडवत होतो (मोटर म्हणजे काळी दारू भरलेली नळी, आणि एकाच वेळी पेटणाऱ्या अनेक मोटर्सचा संच तो क्लस्टर). कंट्रोलरवरचा कंटिन्युइटीचा, म्हणजे विजेचा मार्ग जोडलेला असल्याचा, दिवा स्वच्छ लागला होता. उलटी मोजणी झाली, मुलीने बटण दाबलं, आणि रॉडवरून सुटता सुटताच रॉकेट एका बाजूला कललं. तीनपैकी दोनच मोटर्स पेटल्या होत्या. गवतात रॉकेट सापडलं तेव्हा तिसऱ्या मोटरचं नॉझल अगदी कोरं होतं. तिचा इग्नायटर, म्हणजे नॉझलमधून आत सरकवलेली पेटवायची तार, पॅडखालच्या पत्र्यावर पडलेला मिळाला, आणि त्याचं टोक मात्र जळलेलं होतं. म्हणजे करंट पोचला होता, इग्नायटर पेटलाही होता, पण तो मोटरमधल्या काळ्या दारूला टेकलेलाच नव्हता. वायरींना पीळ देताना दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढला गेला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दिवा फक्त एवढंच सांगतो की कुठून तरी करंट वाहतोय. तीन इग्नायटर समांतर जोडलेले असतील आणि त्यातले दोन तुटलेले असतील, तरी उरलेल्या एकाच्या जिवावर दिवा लागतो. इग्नायटर दारूला टेकलाय की नाही, हे तर त्याला कधीच कळत नाही. म्हणून क्लस्टरची सगळी तपासणी बटणापाशी नाही, टेबलावरच, एकेक इग्नायटर हातात घेऊन करावी लागते. हा लेख त्या टेबलावरच्या कामाबद्दल आहे.

आधी मर्यादा सांगतो. इथे लिहिलंय ते कारखान्यात बनलेल्या, एकदाच वापरायच्या, काळ्या दारूच्या छोट्या मोटर्सबद्दल आहे. उदाहरणाला मी एस्टेस कंपनीची सी6-5 धरली आहे: सी हा ताकदीचा वर्ग (पुढची अक्षरं म्हणजे जास्त ताकद), नावाप्रमाणे सरासरी जोर 6 न्यूटन, दारू संपल्यावर 5 सेकंदांनी पॅराशूट बाहेर काढणारा बार. इग्नायटरही कंपनीचेच. मोटर किंवा इग्नायटरचा लेप घरी बनवायच्या फंदात कोणीही पडू नये. भारतातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: तिथे दारू भरलेली मोटर स्फोटकांच्या कायद्याखाली येते. त्याचा कारभार पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यामुळे परदेशातून येताना बॅगेत मोटर्स आणणं किंवा पोस्टाने मागवणं हा विचारही करू नका. अमेरिकेत 125 ग्रॅमपर्यंत दारू आणि 1500 ग्रॅमपर्यंत वजन असलेल्या मॉडेलला विमान वाहतूक खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. तरी उडवायचं ते क्लबच्या मैदानावर, अनुभवी माणसांच्या नजरेखाली.

एका मोटरपेक्षा तीन मोटर्स इतक्या वेगळ्या का

मोठ्या रॉकेटमध्येही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-5 च्या पहिल्या टप्प्यातली पाच इंजिनं एका क्षणी पेटवत नसत, थोड्या थोड्या अंतराने पेटवत, आणि पाचही पूर्ण जोरावर आल्याची खात्री होईपर्यंत रॉकेट खालून घट्ट धरून ठेवलेलं असे. आपल्या मॉडेलला धरून ठेवणारं कोणी नसतं. 250 ग्रॅमच्या रॉकेटचं वजन साधारण अडीच न्यूटन. एकटी सी6 पेटली तरी तिचा जोर त्याहून जास्त, म्हणजे रॉकेट निघालंच. निघालं की इग्नायटरला लावलेल्या क्लिपा सुटल्या, वायरी ओढल्या गेल्या, आणि बाकीच्या मोटर्सना मिळायचा तो करंट तिथेच थांबला. सगळ्यात चपळ इग्नायटर आणि सगळ्यात सुस्त इग्नायटर यांच्यात सेकंदाचा लहानसा भाग एवढंच अंतर चालतं. एकटी मोटर अडीचशे ग्रॅम उचलते खरी, पण रॉड सोडताना वेग इतका कमी असतो की शेपटीच्या पंखांना हवा धरता येत नाही, आणि जोर एका बाजूने असल्यामुळे रॉकेट वाकडं पळतं. रॉकेट वाकडं पळालं तर ते माणसांकडेही पळू शकतं. म्हणून हे काम मनापासून करायचं.

यावरून तीन नियम आपोआप निघतात. सगळ्या मोटर्स एकाच प्रकारच्या. सगळे इग्नायटर एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच पाकिटातले. आणि काळ्या दारूच्या मोटरबरोबर कॉम्पोझिट मोटर (हिचं इंधन काळी दारू नसून रबरासारखं असतं) एकाच क्लस्टरमध्ये जमिनीवरून पेटवायची नाही. कॉम्पोझिटला दाब धरायला वेळ लागतो, तोवर काळ्या दारूवाली रॉकेट घेऊन निघून गेलेली असते.

एकसर नको, समांतर

शाळेत दिव्यांच्या माळेवरून शिकलो तेच. इग्नायटर म्हणजे दोन पायांच्या टोकाला जोडलेली केसासारखी बारीक तार. करंट गेला की ती तापते, आणि बहुतेक वेळा वितळून तुटते. तीन इग्नायटर एकसर जोडले तर पहिली तार तुटली की सगळा मार्ग बंद, उरलेले दोन अर्धवट तापून गार. समांतर जोडणीत एक तुटला तर बाकीच्यांना उलट जास्त करंट मिळतो. म्हणून क्लस्टरमध्ये कायम समांतर: प्रत्येक इग्नायटरचा एक पाय एका बाजूला, दुसरा पाय दुसऱ्या बाजूला. इग्नायटरला धन-ऋण नसतं, त्यामुळे कुठला पाय कुठे याची चिंता नाही.

समांतर जोडणीचा एक दोष मात्र पक्का ध्यानात ठेवा. एखादा इग्नायटर तुटलेला असेल तर एक मोटर जाते. पण एखाद्या इग्नायटरचे दोन पाय एकमेकांना चिकटले, म्हणजे शॉर्ट झाले, तर सगळा करंट त्या सोप्या वाटेने पळतो आणि एकही मोटर पेटत नाही. गंमत म्हणजे दिवा तेव्हाही छान लागतो.

करंटचा हिशेब, एकदा कागदावर

हा हिशेब मी पहिल्या वेळी केला नव्हता, म्हणून सविस्तर देतो. एका इग्नायटरचा रोध साधारण 1 ओहम धरू आणि तो खात्रीने पेटायला सुमारे 2 ॲम्पिअर करंट हवा असं धरू. किटबरोबर मिळणाऱ्या साध्या कंट्रोलरमध्ये चार एए सेल असतात: 6 व्होल्ट. सेलच्या आतला रोध मिळून सुमारे 0.7 ओहम. पंधरा फुटांची बारीक, 24 गेजची वायर जाऊन-येऊन तीस फूट, म्हणजे जवळपास 0.77 ओहम. क्लिपा आणि जोडांचे 0.1 धरा.

एकच इग्नायटर असेल तर एकूण रोध 2.57 ओहम, करंट 2.3 ॲम्पिअर. पेटतो. म्हणूनच एका मोटरचं रॉकेट या कंट्रोलरवर वर्षानुवर्षं विनातक्रार उडतं आणि आपण गाफील राहतो. आता त्याच कंट्रोलरला तीन इग्नायटर समांतर लावा. त्यांचा मिळून रोध 0.33 ओहम, एकूण 1.9, करंट 3.15 ॲम्पिअर, पण तो तिघांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 1. एखादा पेटेल, बाकीचे कोमट होतील.

तोच हिशेब 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-अवरच्या बंद लेड-ॲसिड बॅटरीवर, घराच्या यूपीएसमध्ये असते तसल्या, आणि 18 गेजच्या जाड वायरीवर करू. वायरीचा रोध तीस फुटांना 0.19. बॅटरीचा अगदी थोडा, 0.03 धरू. एकूण साधारण 0.65 ओहम, करंट 18 ॲम्पिअरच्या पुढे, प्रत्येक इग्नायटरला 6. हवा त्याच्या तिप्पट. क्लस्टरला ही तिप्पट श्रीमंती हवीच, कारण भरपूर करंट मिळाला की सगळे इग्नायटर क्षणात पेटतात आणि त्यांच्यातला चपळ-सुस्त हा फरक उरतच नाही.

एवढा करंट साध्या खेळण्यातल्या बटणातून नेऊ नका. बटण आतून जळतं, कधी कधी चिकटून बसतं, आणि चिकटलेलं बटण हा सगळ्यात वाईट प्रकार. माझ्याकडे आता गाडीतला 30 ॲम्पिअरचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, आहे. बॅटरी आणि रिले पॅडजवळ, जाड वायरी आखूड. माझ्या हातातल्या बटणातून फक्त रिलेपुरता करंट जातो. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच 25 ॲम्पिअरचा फ्यूज. आणि काढून खिशात ठेवता येईल अशी किल्ली, बटणाच्या एकसर. बटणावरचं बोट उचललं की ते आपोआप बंद झालं पाहिजे.

टेबलावर

घरी, आदल्या रात्री. मल्टिमीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर लावा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय आकडा येतो तो लिहून घ्या, बहुतेक 0.2 ते 0.3 येतो. तो मीटरच्या वायरींचा, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग पाकिटातले सगळे इग्नायटर एकेक मोजा. 0.5 ते 1.5 च्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळचे आकडे असलेले तीन निवडा, चौथा आणि पाचवा राखीव. आकडाच आला नाही तर तार तुटलेली, तो बाजूला. अगदी शून्याला टेकला तर पाय कुठेतरी चिकटलेत. हे मोजमाप साध्या इग्नायटरला चालतं. अगदी कमी करंटवर पेटणारे, फटाक्यांच्या धंद्यात वापरतात तसले इलेक्ट्रिक मॅच असतील तर त्यांना साधा मीटर लावू नका, आणि कंट्रोलरवरचा जुन्या पद्धतीचा बल्बही त्यांना धोक्याचा. बल्बच्याच करंटने ते पेटू शकतात.

एकेक मोजायचं म्हणजे एकेकच. तिन्ही जोडून झाल्यावर मोजलं तर तीन चांगल्यांचा आकडा 0.33, दोनांचा 0.5. साध्या मीटरवर, क्लिपेच्या मळासकट, हा फरक ओळखता येत नाही.

सकाळी मैदानावर, मोटर्स रॉकेटमध्ये घालण्याआधी. मोटर नॉझल वर करून धरा. इग्नायटर सरळ आत सोडा, टोक दारूला टेकल्याचं बोटाला जाणवतं. आधी अडलं तर काढून पुन्हा घाला, दाबून वाकवू नका. आता नॉझलच्या तोंडाशी दोन्ही पायांवर बारीक मार्करने खूण करा. ही खूण म्हणजे आमच्या त्या फसलेल्या उड्डाणातून शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट: पुढे कधीही पाहिलं आणि खूण नॉझलच्या बाहेर सरकलेली दिसली, तर इग्नायटर ओढला गेलाय. मग मोटरबरोबर आलेला प्लॅस्टिकचा प्लग घट्ट बसवा. प्लग बसवताना दोन्ही पाय त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत ना, हे बघा. पाय बाहेर येताच एकमेकांपासून दूर उघडा. प्लग बसल्यावर पुन्हा एकदा मीटर. मुलगी हे आकडे वहीत लिहिते: मोटर एक, दोन, तीन.

मोटर्स रॉकेटमध्ये घालताना एक गोष्ट वायरीची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 18 मिलिमीटरच्या मोटरच्या तीन नळ्या बीटी-60 या मापाच्या, रॉकेटच्या अंगाच्या कागदी नळीत त्रिकोणात अगदी नेमक्या बसतात, पण त्यांच्यामधल्या फटी उघड्या राहतात. त्या कागद आणि डिंकाने पूर्ण बुजवा. नाहीतर पॅराशूट ढकलायचा वायू त्या फटींतून मागे निसटतो. प्रत्येक मोटर मागे सरकणार नाही अशी अडकवलेलीही हवी, कारण तीन बार होणार आहेत आणि पहिल्या बारासरशी सैल मोटर मागून उडून जाते.

जोडणी

दोन मोटर्स असतील तर पायांनाच पीळ देऊन भागतं: एकाचा एक पाय दुसऱ्याच्या एका पायाशी, तसेच उरलेले दोन. तीन असल्या की पीळ देऊ नका, असं माझं ठाम मत. पाय आखूड असतात, तिसऱ्यापर्यंत पोचवायला ओढावे लागतात, आणि ओढलं की इग्नायटर सरकतो. आमचं झालं ते हेच.

त्याऐवजी तांब्याच्या दोन वेगळ्या वाटा करा. घरातल्या वायरिंगची जुनी जाड वायर सोलून आतली एकेरी तार घ्या. पहिला तुकडा सहा इंचांचा, सरळ. तो तिन्ही मोटर्सच्या मधोमध, रॉकेटच्या अक्षावर खाली येतो. दुसरा तुकडा वाकवून मोटर्सच्या बाहेरून जाणारी कडी करा, तिची एक शेपटी बाहेर ठेवा. आता प्रत्येक इग्नायटरचा आतल्या बाजूचा पाय मधल्या तारेला तीन-चार वेढे, बाहेरच्या बाजूचा पाय कडीला तीन-चार वेढे. वेढा घालताना डाव्या हाताच्या चिमटीत इग्नायटरचा पाय प्लगजवळ धरून ठेवा, म्हणजे ताण आत पोचत नाही. तांबं आधी पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्यायचं. मधली तार आणि कडी यांच्यात बोटभर मोकळी जागा हवी. शंका असेल तिथे मास्किंग टेप गुंडाळा. टेप प्रत्येक वेढ्यावरूनही एकदा फिरवा, वाऱ्याने रॉकेट हललं तरी वेढा सुटत नाही.

झाल्यावर खाली वाकून सगळ्या खुणा बघा. सहा पाय, सहा खुणा. आमच्याकडे हे मुलगी मोठ्याने मोजते, आणि मी जोडलेलं ती तपासते, तिने जोडलेलं मी. अपोलो-6 च्या उड्डाणात, 4 एप्रिल 1968 रोजी, सॅटर्न-5 च्या दुसऱ्या टप्प्यातलं दोन नंबरचं इंजिन त्याच्या इग्नायटरच्या इंधन-नळीमुळे बिघडलं. ते बंद करण्याचा आदेश गेला, पण वायरींची अदलाबदल झालेली असल्याने धडधाकट असलेलं तीन नंबरचं इंजिनही बंद पडलं. दुसऱ्या माणसाची नजर वायरींवरून फिरायला हवी, एवढ्याचसाठी हे सांगितलं.

पॅडवर

रॉकेट रॉडवर चढवताना कंट्रोलरची किल्ली खिशात, बॅटरी सुटलेली. रॉड 3/16 इंचाची घ्या. छोट्या रॉकेटची 1/8 इंचाची रॉड या वजनाला लवलवते. क्लिपांचे दात प्रत्येक उड्डाणाआधी पॉलिश पेपरने घासा, मागच्या धुराची काजळी हा न दिसणारा रोध असतो. एक क्लिप मधल्या तारेला, एक कडीच्या शेपटीला. क्लिपांच्या वायरी पॅडच्या पायाला टेपने बांधा म्हणजे त्यांचं वजन इग्नायटरवर लोंबकळत नाही. दोन्ही क्लिपा एकमेकींपासून आणि खालच्या पत्र्यापासून दूर.

अंतराच्या बाबतीत कंजूषपणा नको. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत डी आणि त्याहून लहान मोटरला 15 फूट, त्याहून मोठीला 30 फूट सांगितलंय. तीन सी6 चा मिळून आवेग एका ई मोटरच्या वर्गात जातो, म्हणून मी 30 फुटांवरच उभा राहतो. रिले न वापरता जाड वायरच एवढी लांब नेली तरी, हिशेबाप्रमाणे, प्रत्येक इग्नायटरला साडेचारच्या वर ॲम्पिअर मिळतात. मैदानही त्याच हिशेबाने: एका सी मोटरला 400 फुटांचं पुरतं, ई वर्गाला त्याच नियमांत 1000 फूट.

पॅडजवळची बॅटरी जोडून सगळे मागे आले, आकाश मोकळं, वारा मंद. किल्ली लावा. दिवा लागला? चांगलं, त्याचा अर्थ किती मर्यादित आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. मोठ्याने पाचपासून मोजा आणि बटण रॉकेट सुटेपर्यंत दाबून धरा, टिचकी मारल्यासारखं दाबून सोडू नका.

काहीच झालं नाही तर किल्ली काढा आणि घड्याळ लावून 60 सेकंद थांबा. साठ म्हणजे साठ. मुलांना हे थांबणं जड जातं, म्हणून सेकंद मोजायचं काम आम्ही त्यांनाच देतो. मग पॅडशी जाऊन आधी बॅटरी सोडा आणि क्लिपा काढा. तिन्ही इग्नायटर जसेच्या तसे असतील तर शॉर्ट शोधा किंवा बॅटरी मोजा. एखादं टोक जळलेलं आणि मोटर कोरी असेल तर तो सरकला होता. कुठलाही एक बिघडला असला तरी तिन्ही बदला. एकदा तापलेला इग्नायटर दुसऱ्यांदा इतरांच्या बरोबरीने पेटेल याचा भरवसा नाही.

रॉकेट गेलं आणि वाकडं गेलं तर नजर त्याच्यावर ठेवून आरोळी द्या, सगळ्यांना वर बघू द्या. खाली आल्यावर न पेटलेली मोटर असेल तर ती भरलेली आहे हे विसरू नका. गरम नळ्यांपासून काढून वेगळ्या डब्यात ठेवा.

दुसऱ्या वेळी आम्ही हे सगळं केलं. निवडलेल्या तिघांचे आकडे वहीत आहेत: 0.8, 0.9, 0.8. रॉकेट रॉडवरून निघालं ते सरळ वर, एकाच आवाजात. पॅराशूट उघडलं, ते झुडपापलीकडे उतरलं. मुलगी पळत गेली, रॉकेट उलटं करून खालून पाहिलं आणि तिथूनच तीन बोटं वर केली.